अस्सल पट्टी, चार अक्षरे

ज्या वस्तूच्या व्यवहारात मी फसलो ती पोलादाची एक पट्टी होती, आणि ती पट्टी पूर्णपणे अस्सल होती. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे लेथ आणि मिलिंगचे लहानसे वर्कशॉप आहे. २७ वर्षे मी धातूच हाताळत आलो आहे. त्यामुळे धातूच्या बाबतीत मला कोणी सहज गंडवणार नाही असा माझा समज होता, आणि तो खोटा ठरला नाही. मी दुसऱ्याच बाजूने लुबाडला गेलो. माझ्यासारखेच बिटकॉइनच्या पाकिटाचे शब्द, म्हणजे ज्यांवरून ते पाकीट पुन्हा उघडता येते ते शब्द, टिकाऊ कशावर तरी लिहून ठेवण्याच्या विचारात असलेल्यांसाठी हा सगळा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा देण्यास मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक रद्द ठरवले, त्यानंतर मी दरमहा थोडे थोडे बिटकॉइन घेऊ लागलो. मोबाइलमधल्या वॉलेटने सुरुवातीलाच १२ इंग्रजी शब्द दाखवले आणि ते कागदावर उतरवून जपून ठेवा असे सांगितले. मी ते जेल पेनाने एका वहीत लिहिले आणि वही तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवली. आमचे घर शाहूपुरीत आहे. २०१९ च्या पुरात कपाटाचे खालचे दोन खण भिजले होते, तरीही ते वरच्या मजल्यावर हलवायचे राहूनच गेले होते. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच ओलांडून ५६ फुटांच्या आसपास मजल मारली आणि आमच्या तळमजल्यात छातीएवढे पाणी आले. पाणी ओसरल्यावर वही उघडली तर शब्दांच्या जागी निळे डाग होते. जेल पेनाची शाई पाण्यात विरघळते, साध्या बॉलपेनाची तेलकट शाई तितकी विरघळत नाही, हे ज्ञान मला त्या दिवशी झाले. मोबाइल शाबूत होता म्हणून त्यातून शब्द पुन्हा पाहता आले. तो माझ्या खिशात नसता तर सगळे तेव्हाच संपले असते.

त्यानंतर शब्द कशावर ठेवावेत याचा मला ध्यासच लागला. लॅमिनेशन करून पाहिले, पण प्लास्टिकच्या कडेतून ओल शिरली की कागद आतल्या आत कुजतो, आणि आगीत तर दोन्ही एकदमच जातात. पेन ड्राइव्हचाही विचार केला. त्यातली माहिती चिपमधल्या विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू गळतो, त्यामुळे दहा-वीस वर्षांसाठी तिच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय मी ऑनलाइन स्वस्तात घेतलेली २ टीबीची पेन ड्राइव्ह प्रत्यक्षात ३२ जीबीचीच निघाली. संगणकाला ती क्षमता खोटी सांगत होती आणि त्यापुढची प्रत्येक फाइल नुसत्या नावापुरती उरत होती. पण ती फसवणूक सातशे रुपयांची होती, तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये मी हार्डवेअर वॉलेट, म्हणजे पाकिटाची किल्ली इंटरनेटपासून दूर जपणारे छोटे यंत्र, मागवले, थेट उत्पादकाकडूनच, कारण मधल्या विक्रेत्याने आधीच शब्द भरून ठेवलेले यंत्र गळ्यात मारल्याचे प्रकार वाचनात आले होते. नव्या यंत्राने २४ नवे शब्द तयार करून दिले. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. ही पद्धत २०१३ मध्ये मांडली गेली आणि आज बहुतेक पाकिटे तीच वापरतात. यादीतला पहिला शब्द ‘अबँडन’ आणि शेवटचा ‘झू’. यादी जगजाहीर आहे. गुपित असते ते आपले २४ शब्द कोणते आणि त्यांचा क्रम कोणता, एवढेच. यादीची आणखी एक खुबी अशी की पहिली चार अक्षरे सारखी असलेले दोन शब्द तिच्यात नाहीत. ए, बी, ए, एन ही चार अक्षरे दिसली की तो शब्द ‘अबँडन’च असणार, दुसरा असू शकत नाही. ही खुबी मला ठाऊक होती. माझ्या पुढच्या मूर्खपणाला अज्ञानाचे निमित्त मिळू नये म्हणून हे मुद्दाम नमूद करतो.

पोलादाच्या पट्टीवर शब्द कोरून ठेवण्याची कल्पना पटायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. घराला लागलेली आग हजार अंशांच्या आसपास जाऊ शकते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पितळही अशा आगीत भरवशाचे नाही, पण ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील वितळायला १४०० अंश लागतात, आणि पुराच्या पाण्याने त्याला गंज चढत नाही. एका परिचिताने लेसर मार्किंगचे काम करणाऱ्या तरुणाचे नाव सुचवले. नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करता करता तो आता ‘क्रिप्टो पट्ट्या’ही करून देत होता, आणि विशेष म्हणजे छोटे यंत्र घेऊन ग्राहकाच्या घरी येत होता.

मी त्याच्याकडून आधी नमुन्याची पट्टी मागवली आणि तिची जी परीक्षा घेतली ती आठवली की आजही मला स्वतःचे कौतुक आणि कीव दोन्ही वाटते. प्रथम चुंबक लावून पाहिला, पण त्यावर मी विसंबलो नाही. २०२ ग्रेडचा पत्राही चुंबकाला चिकटत नाही आणि बाजारात तोच पुष्कळदा ३०४ म्हणून खपवला जातो. म्हणून शिरोली एमआयडीसीतल्या एका स्नेह्यांच्या फाउंड्रीत तिची स्पेक्ट्रो टेस्ट, म्हणजे धातूत कोणता घटक किती आहे ते सांगणारी तपासणी, करून घेतली. क्रोमियम १८ टक्क्यांच्या वर, निकेल ८ च्या वर, मँगेनीज २ च्या आत, माल अस्सल. मग हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत ती ९०० अंशांवर तासभर ठेवली. पट्टी काळवंडून बाहेर आली, पण तारेच्या ब्रशने घासताच अक्षरे स्वच्छ वाचता आली, कारण मी वरवरचे मार्किंग नको, किमान ०.३ मिलिमीटर खोल कोरीव हवे असे बजावले होते. लेसरने नुसता रंग बदललेली अक्षरे आगीत पुसली जाऊ शकतात, हे कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. शेवटी महिनाभर ती मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली. एवढे सगळे उपद्व्याप केले, पण तो तरुण कोण, कुठला, यापूर्वी त्याने कोणाकोणाची कामे केली, हे विचारायला मला पाच मिनिटे सापडली नाहीत.

जून २०२३ मध्ये तो घरी आला. यंत्र लॅपटॉपवर चालते, त्यामुळे कोरायचा मजकूर आधी टाइप करावा लागतो, आणि तिथे मी जरा अडखळलो. त्याला याची सवय असावी. “काका, काय काळजी करू नका, पुरे शब्द मी घेतच नाही,” तो म्हणाला. “प्रत्येक शब्दाची पहिली चारच अक्षरं लिहून द्या. बाकीचं तुमच्या डोक्यात. मला काय कळणार त्यातलं?” हे ऐकून मला त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले. मी आत जाऊन कागदावर चार-चार अक्षरांचे २४ तुकडे लिहून आणले. त्याने ते टाइप केले, पट्टी कोरली, मग माझ्या डोळ्यांदेखत फाइल पुसली, रिसायकल बिनही रिकामा केला, आणि ३८०० रुपये रोख घेऊन चहा पिऊन गेला. बिल मी मागितले नाही.

दुसऱ्या दिवशी मी जे केले ते खरे तर प्रत्येकाने करावेच असे आहे. हार्डवेअर वॉलेट पूर्ण पुसून टाकले आणि फक्त पट्टीवरून पाकीट पुन्हा उभे राहते का ते पाहिले. चार अक्षरे टाकली की यंत्र स्वतःच पुढचा शब्द सुचवत होते. दहा मिनिटांत पाकीट जसेच्या तसे परत आले. मी इतका खूश झालो की कागदी प्रती चुलीत घातल्या आणि एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन मंचावर, पडलेले बहुतेक सगळे बिटकॉइनही त्याच पाकिटात आणून ठेवले.

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात सहज म्हणून शिल्लक पाहिली तर ती शून्य होती. दोन दिवसांपूर्वी रात्री २ वाजून ४० मिनिटांनी ०.३१ बिटकॉइन एका अनोळखी पत्त्यावर गेले होते. त्या दिवशीच्या भावाने सुमारे ११ लाख रुपये. यंत्र कपाटात जागच्या जागी होते, पट्टीही होती. पत्नीला हे सांगितले तेव्हा तिचा पहिला प्रश्न साहजिकच होता, की यंत्र घरात असताना पैसे बाहेर कसे गेले. मी तिला समजावले की नाणी यंत्रात नसतातच. कोणत्या पत्त्यावर किती आहेत याची नोंद जगभरच्या संगणकांवर असते, यंत्रात असते ती केवळ ती नोंद हलवण्याची किल्ली, आणि ती किल्ली त्या २४ शब्दांपासून तयार होते. ज्याच्याकडे शब्द, त्याला यंत्राची गरजच नाही. पण शब्द तर माझ्याशिवाय कोणाकडेच नव्हते, त्या लेसरवाल्याला मी फक्त चार-चार अक्षरे दिली होती, असेही मी पुढे म्हणालो.

“अहो, पण चार अक्षरांवरून तुम्हाला उघडलं ना? मग त्याला का नाही उघडणार?”

ती बारावीपर्यंत शिकली आहे आणि तिने त्या यंत्राला कधी हातही लावलेला नाही. मी मात्र यादीची खुबी जाणत होतो, स्वतः चार अक्षरांवरून पाकीट उभे करून पाहिले होते, आणि तरीही आठ महिने ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. टिकाऊपणाची चाचणी म्हणून जे मी आनंदाने पाहिले, ते चोरीचेच प्रात्यक्षिक होते.

फाइल पुसण्याचा देखावाही तितकाच पोकळ होता. मजकूर एकदा परक्या लॅपटॉपवर टाइप झाला की तो सॉफ्टवेअरच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, स्क्रीनच्या चित्रणात किंवा नुसत्या फोनच्या फोटोत कुठेही राहू शकतो. माझ्या बाबतीत नेमके काय झाले ते मला सांगता येत नाही. मात्र त्याच परिचिताच्या ओळखीने इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्यांनी त्याच तरुणाकडून पट्टी करून घेतली होती. त्यांचेही पाकीट त्याच रात्री रिकामे झाले, आणि त्यांचे व माझे बिटकॉइन ४० मिनिटांच्या अंतराने एकाच पत्त्यावर पोहोचले, हे ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या त्या जाहीर नोंदवहीत, कोणालाही पाहता येते. तरुणाचा फोन तोवर बंद झाला होता आणि गाळ्याला कुलूप होते. तो आठ महिने का थांबला असेल, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. पाकिटात भर पडत होती आणि तो ती बाहेरून निवांत पाहत होता.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, मग सायबर पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. बँकेतून गेलेली रक्कम लगेच कळवल्यास मध्येच गोठवता येते; बिटकॉइनचा व्यवहार नोंदला गेला की तो उलटवण्याचा अधिकार कोणालाच नसतो. चोराने ती नाणी एखाद्या ओळखपत्र मागणाऱ्या एक्स्चेंजवर आणली तरच धागा लागेल, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले. स्पेक्ट्रो टेस्टचा अहवालही मी कागदपत्रांना जोडला होता. तो वाचून त्यांनी विचारले, “काका, पट्टी तर चांगली हाय म्हणताय, मग ह्यो कागद कशाला लावलाय?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

माझ्या वर्कशॉपच्या खणात ३ मिलिमीटरच्या अक्षरांचा लेटर पंचचा संच २००४ पासून पडून आहे. हातोडीचा एक घाव, एक अक्षर. २४ शब्दांना फार तर ९६ घाव. पंचाची अक्षरे वेडीवाकडी पडतात आणि लेसरची देखणी दिसतात, म्हणून मी दुसऱ्याला बोलावले. दुसरे कोणतेही कारण नव्हते. ज्यांच्याकडे पंच नाहीत त्यांना ते हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतील, आणि तेही नको असेल तर चांगल्या कागदावर बॉलपेनाने लिहून दोन ठिकाणी ठेवलेली प्रत परक्या लॅपटॉपवरून कोरलेल्या पोलादापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. पुराला आणि आगीला शब्द वाचता येत नाहीत, त्यांच्याशी मी एवढा झगडलो. ज्याला वाचता येत होते त्याला चहा पाजला.

एक्स्चेंजवर थोडे उरले होते. त्यासाठी यंत्रावर नवे २४ शब्द घेतले, आणि त्यांच्या जोडीला स्वतःची पासफ्रेजही, म्हणजे मी ठरवलेली जादा गुप्त शब्दरचना, ठेवली. ती जोडली की नुसत्या २४ शब्दांवरून वेगळेच, रिकामे पाकीट उघडते. पण ती विसरलो तर मलाही रिकामेच दिसेल, आणि चूक झाली आहे असे यंत्र सांगणार नाही, म्हणून तिचीही लेखी प्रत हवी आणि ती शब्दांसोबत नको. एका रविवारी शटर ओढून, मोबाइल घरी ठेवून, ३०४ च्या दोन पट्ट्यांवर मी स्वतः अक्षरे ठोकली. एका पट्टीवर सातव्या शब्दाचे तिसरे अक्षर उलटे पडले, ते बाजूला पुन्हा ठोकले. यंत्र पुसून दोन्ही पट्ट्यांवरून पाकीट उभे करून पाहिले आणि मगच त्यात रक्कम घातली. एक पट्टी घरी वरच्या मजल्यावर आहे, दुसरी पुराचे पाणी पोहोचत नाही अशा गावी बहिणीकडे सीलबंद आहे. पासफ्रेज तिसऱ्याच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण पत्नीला ठाऊक आहे.

जुनी पट्टी तक्रारीसोबत जमा आहे. मागच्या महिन्यात चौकशीला गेलो तेव्हा ती ज्यात ठेवली आहे तो लिफाफा उघडून मला दाखवण्यात आला. तिच्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता.