तळहाताएवढा तांब्याचा पत्रा आणि भिंतभर कॅनव्हास

ग्रीक-रोमन देवांची प्रणयदृश्यं डच चित्रकारांनी बरीच रंगवली, पण सूर किती वेगळे! उट्रेख्टच्या योआखिम उतेवालचं, 1604 ते 1608 दरम्यानचं ‘मार्स आणि व्हीनस’ (युद्धदेव आणि प्रेमदेवता; चित्र आता अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयात) जेमतेम 20 सेंटिमीटर उंच, तांब्याच्या पत्र्यावरचं. व्हीनसचा नवरा व्हल्कन जाळं घेऊन आलाय, जोडपं रंगेहाथ सापडलंय, आणि बाकीचे देव हसतायत. थट्टाच सगळी. एवढं छोटं चित्र कपाटात दडवायचं आणि खास पाहुण्यांनाच दाखवायचं, अशीच त्याची ठेवण.

रेम्ब्रांटची ‘डॅनाए’ 1636ची, दोन मीटर रुंद. कोंडून ठेवलेल्या या राजकन्येकडे देवांचा राजा ज्युपिटर सोन्याचा पाऊस होऊन येतो अशी कथा; इथे पाऊस नाहीच, नुसता सोनेरी उजेड. तिचा उचललेला हात बघा. स्वागत की दचकणं? पोट जरा सैल, चेहरा शेजारणीसारखा ओळखीचा. पलंगावरचा सोनेरी क्युपिड (बालरूपातला प्रेमदेव) मात्र हात बांधलेला, रडवेला. 1985 मध्ये लेनिनग्राडच्या (आताचं सेंट पीटर्सबर्ग) हर्मिटाज संग्रहालयामध्ये एकाने या चित्रावर आम्ल फेकलं. दुरुस्तीला बारा वर्षं लागली.

कारागिरीत उतेवाल भारी, भिंग घेऊन बघावा असा. पण मला विचाराल तर डॅनाएच. तिथे आपण चोरून बघणारे उरत नाही. तिच्यासोबत दाराकडे डोळे लावून बसतो.