झेड४ चे टायर बदलले, पावसाळा काढला, थंडीही काढली, आता लिहितो

गाडीबद्दल फार सांगत बसत नाही. सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड४, ई८९ पिढीतलं ३५आय मॉडेल, ३०६ हॉर्सपावर आणि सगळी ताकद मागच्या चाकांवर. टायर पुढे २२५/४० आर १८, मागे २५५/३५ आर १८ (रुंदी मिमीत, बाजूच्या भिंतीची म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), स्टेपनी नाहीच. आधीच्या मालकाचे रन-फ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) होते, खोबणी दिसायला ठीक, पण नख रोवलं तर रुतायचं नाही इतकं रबर निबर झालेलं. मे २०२५ मध्ये वळवाने झोडपायला सुरुवात केली तेव्हा पुण्यात पौड रोडच्या सिग्नलवरून नुसतं निघताना डॅशबोर्डवरचा पिवळा त्रिकोण फडफडायला लागला. म्हणजे मागची चाकं घसरतायत आणि गाडीचा कॉम्प्युटर पॉवर कापतोय. रेस नाही, काही नाही, शेजारचा रिक्षावाला माझ्याआधी पुढे.

वळीव वळीव म्हणता म्हणता मान्सूनच आला. २४ मेला केरळ, २६ ला मुंबई, आणि आपल्याकडच्या छत्र्या अजून माळ्यावर. त्यामुळे टायर बघायला निवांत वेळ मिळालाच नाही.

माझा भाचा म्युनिकला असतो, त्याच्याकडेही मागून ढकलणारीच बीएमडब्ल्यू. त्याचं पहिलं म्हणणं, मामा सरळ विंटर टायर टाक, ओल्यात पण मस्त धरतात. तिकडे ते ठीक आहे, जर्मनीत बर्फ-चिखलाच्या रस्त्यावर विंटर टायर कायद्यानेच लागतात आणि ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह नसेल तर तो विंटर टायर म्हणून धरतच नाहीत. त्याचं रबर थंडीत मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं, साधारण ७ डिग्रीच्या खाली त्याचा खरा उपयोग. अरे पण इथे जानेवारीत सुद्धा दुपारी ३० डिग्री असतं आणि एप्रिलमध्ये ४० ला टेकतं, तो टायर कात्रज बायपासच्या तापलेल्या डांबरावर खोडरबरासारखा झिजेल. मिळतोय कुठे ते आणि वेगळंच.

एक गोष्ट मात्र त्याची पटली. मी पैसे वाचवायला फक्त मागचे दोन घेणार होतो, ओढणारी चाकं मागे तर टायर पण मागेच, साधा हिशोब. तो म्हणाला तिकडेही लोक हाच हिशोब करतात, विंटर टायर फक्त मागे टाकतात, मग गाडी निघते छान पण ब्रेक मारला की पुढचा भाग सरळ शेजाऱ्याच्या कुंपणात. वळायचं आणि थांबायचं काम बरंचसं पुढचीच चाकं करतात. झाले चार टायर.

आता साइज. २०२० च्या जूनमध्ये सरकारने टायरची आयात रिस्ट्रिक्टेड यादीत टाकली, तेव्हापासून असल्या साइजचा माल येतो तो लायसनवर, थोडा थोडा. म्हणजे दुकानदार जे दाखवेल त्यातूनच निवडायचं. ब्रँडचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की मूळ मुद्दा बाजूला आणि कंपन्यांवरून हाणामारी सुरू. या साइजमध्ये जे दोन-तीन मिळतात त्यातलाच एक, साधा म्हणजे रन-फ्लॅट नसलेला समर टायर (विंटरच्या उलट, उबदार हवेसाठीचा), युरोपियन लेबलवर ओल्या ग्रिपला ए, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. त्या ए ने हुरळून जाऊ नका. ती परीक्षा फक्त नव्या टायरवर ओल्या रस्त्यावर ब्रेक मारायची असते, साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते का याचे मार्क त्यात नाहीत.

आता खरा विषय. तारीख.

टायरच्या साइडवॉलवर डीओटी अशा अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आतल्या-बाहेरच्या बाजू वेगळ्या असलेल्या टायरमध्ये हे आकडे कधीकधी आतल्या बाजूला येतात, म्हणजे एकदा टायर बसला की दिसतच नाहीत. स्वारगेटजवळच्या एका डीलरकडे (नाव नाही घेत) मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात पोरांनी चारही चढवून टाकले. मी गाडी लिफ्टवरून उतरवू दिली नाही, मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाकलो. तीन टायर ३१२४. मागचा उजवा ०८२१. म्हणजे फेब्रुवारी २०२१ चा टायर मे २०२५ मध्ये नव्याच्या भावात.

पोरगा म्हणतो, "काका, गोडाऊनमधला आहे, उन्हात नाही राहिला. टायर रस्त्यावर म्हातारा होतो."

मी म्हटलं मग बिलावर तारीख लिहून दे. तर मालक आतून बाहेर आले, "साहेब, अशी तारीख लिहायची पद्धत नाहीये."

"मग पेमेंट करायची पण नाहीये."

आणि मी त्यांच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून राहिलो. लिफ्ट एकच, मागे इनोव्हाची लाइन लागलेली, बघू कोण आधी कंटाळतं. शेवटी त्यांनी फोनाफोनी केली, दुसऱ्या दिवशी ४०२४ चा टायर आला, पुन्हा गेलो, तर त्या एका चाकाच्या बॅलन्सिंगचे परत पैसे लावलेले! वर नायट्रोजनचे वेगळे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट आहे, ते काट म्हटलं आधी. काटलं.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, टायर कंपन्या स्वतःच सांगतात की नीट ठेवलेला टायर चालतो, पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा, दहाव्या वर्षी काढाच. मान्य. पण हिशोब बघा. कॅब असेल तर टायर दीड-दोन वर्षांत झिजून जातो, तारखेला कोण विचारतं. ही गाडी रविवारी आणि जमलं तर एखाद्या संध्याकाळी निघते, खोबणी संपायच्या आधी रबरच कडक होणार. म्हणजे मी टायरची झीज विकत घेत नाही, वर्षं विकत घेतो, आणि त्यातली चार तो आधीच खाऊन बसलाय. कमी चालणाऱ्या गाडीला तारीख हीच खरी किंमत. पैसे देण्याआधी, टायर रिमवर चढायच्या आधी बघा.

चालवण्याचा अनुभव. पहिले काही दिवस मी वैतागलो होतो. रन-फ्लॅटची साइडवॉल टणक, त्यामुळे स्टीअरिंग हलवलं की गाडी लगेच हलायची, या नव्यांत मध्ये काहीतरी ढिलं वाटायचं. त्यात नव्या टायरवर साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर असतो, तो जाईपर्यंत बेताने चालवायचं असतं. घरी सांगून टाकलं की पैसे वाया गेले.

मग जुलैत ताम्हिणी. पिरंगुटच्या पुढे पाऊस, मुळशीच्या पुढे तर वायपर फुल स्पीडला टाकूनही समोरचं पुसट. वळणावर चढाला एका ठिकाणी दरडीची लाल माती रस्त्यावर वाहून आलेली, त्यावरून मागचं चाक जरासं सरकलं, आणि पिवळा त्रिकोण एकदा लुकलुकून गप्प. बस एवढंच. जुन्या टायरवर गाडीचं बूड भिंतीकडे बघायला लागलं असतं. रिअर व्हीलवाल्यांना माहीतच आहे, अशा वेळी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला तर वजन पुढे जातं आणि मागचं अजूनच सुटतं, पाय स्थिर ठेवायला टायरवर भरवसा लागतो, तो या टायरवर आला. तेव्हापासून त्या ढिल्या स्टीअरिंगबद्दल बोलायचं बंद केलं. खड्डेही बरे लागतात, ९० मिमीच्या साइडवॉलला जेवढं जमेल तेवढे.

साचलेल्या पाण्याला मात्र मान द्यावाच लागतो. नासाचं विमानाच्या टायरसाठीचं जुनं सूत्र आहे, टायरमधल्या हवेच्या दाबाच्या (पीएसआयमध्ये) वर्गमुळाला १०.३५ ने गुणलं की टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो ताशी मैलांमधला वेग, ३२ पीएसआयला येतो ताशी ९४ किमी. रुंद आणि झिजलेला टायर त्याआधीच तरंगू शकतो. २५५ चा टायर रुंदच आहे, एक्सप्रेसवेवर लेनमध्ये पाणी दिसलं की मी ७० वर येतो, मागचा हॉर्न वाजवू दे. कायद्याने १.६ मिमी खोबण उरेपर्यंत टायर चालतो, पावसासाठी माझी रेघ ३ मिमीला.

सप्टेंबर. २२ तारखेला टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. माझं बिल मेचं. यावर अजून काही लिहीत नाही, बायको वाचते.

थंडीत महाबळेश्वरला पहाटे निघालो तेव्हा पसरणी घाटात पहिली काही वळणं टायर लाकडासारखे वाटले, गरम झाल्यावर नीट. समर टायर आहे, तेवढं चालायचंच. विंटर टायरची आठवण काढावी इतकं काही झालं नाही.

पंक्चर एकदा झालं, वारज्याजवळ, खिळा. रन-फ्लॅट असता तर ८० च्या वेगाने ८० किमीपर्यंत रेटता आलं असतं, इथे डिकीतला कॉम्प्रेसर काढून हवा भरली आणि पुढच्या पंक्चरवाल्याकडे. त्याने दीडशे रुपयांत आतून पॅच मारून दिला. रन-फ्लॅट हवा नसताना चालवला की बहुतेक जण दुरुस्तच करत नाहीत, अख्खा टायर बदला म्हणतात. तिथे माझे जीएसटीत गेलेले जास्तीचे पैसे थोडे वसूल.

मागचे पुढच्यांपेक्षा लवकर उतरतायत, साइज वेगळ्या असल्याने अदलाबदल करता येत नाही. पुढच्या वेळी बहुधा मागचे दोनच लागतील, तेव्हा तरी १८ टक्क्याने मिळतील. डीलर बदललाय. नवीनवाल्याला फोनवरच विचारलं, तारखेचा फोटो पाठवता का, त्याने पाच मिनिटांत पाठवला.