दिवा लुकलुकला, पण पॅनलला पत्ताच नाही

शेजारी चोरी झाली आणि चौथ्या दिवशी आमची बेल वाजली. गळ्यात अलार्म कंपनीचं ओळखपत्र, हातात टॅबलेट, आवाज हळुवार. "साहेब, शेजाऱ्यांकडचं कळलं. वाईट झालं." मी त्याला आत घेतलं. त्या आठवड्यात आम्हा दोघांना रात्री धड झोप नव्हती. कोणीही चोराविषयी बोलत आला असता तरी त्याला आत घेतलं असतं.

पुढचा तासभर तो आमच्याच घरात आम्हाला चोराच्या नजरेने फिरवत होता. हे दार एका लाथेत जाईल, ही खिडकी बाहेरून उचकटता येईल. खोटं काहीच नव्हतं त्यात, म्हणूनच ते लागलं. मग कळलं की सगळं सामान फुकट, फक्त मॉनिटरिंगचा, म्हणजे कंपनीने अलार्मवर दुरून लक्ष ठेवायचा, ६० महिन्यांचा करार करायचा, आणि ही सवलत आजच संपणार. बायको म्हणाली, "उद्या सांगू या का?" मीच घाई केली. सही टॅबलेटवर बोटाने केली. करार त्या इवल्याशा पडद्यावर कितीसा वाचणार, असं आता म्हणतो. खरं सांगायचं तर वाचायचा प्रयत्नच केला नव्हता.

दोन दिवसांनी एक पोरगा आला आणि दोन तासांत काम उरकून गेला. मागच्या दाराला आधीच्या मालकाच्या अलार्मची वायर भिंतीत होतीच, ती त्याने वापरली. बाकी सेन्सर बिनतारी. जाताना त्याने मला प्रत्येक सेन्सरसमोरून चालायला लावलं. मी चाललो की लाल दिवा लुकलुके. "बघा, पकडलं तुम्हाला!" मग पुढचं दार उघडून सायरन वाजवून दाखवला. कान बधिर झाले आणि मन निश्चिंत.

पुढे दर महिन्याच्या एक तारखेला मेसेज यायचा: "तुमची यंत्रणा सुरळीत आहे. तुमचं घर सुरक्षित आहे."

मधे एकदाच कुरबुर झाली. हॉलमधला सेन्सर पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून लावला होता. हे सेन्सर अंगातून निघणारी उष्णता टिपतात, म्हणजे नेमकं सांगायचं तर उष्णतेतला हलता फरक. दुपारच्या उन्हाने तापलेला पडदा वाऱ्याने हलला की सायरन बोंबलायचा. तक्रार केली, फोनवरच कोणीतरी "दुरुस्त करतो" म्हणालं, आणि सायरन खरंच वाजायचा थांबला. मी त्यांचे आभारही मानले.

आठ महिन्यांनी एका संध्याकाळी मी पुढच्या दाराची किल्ली कुठेतरी विसरून आलो. घरात कोणी नव्हतं. मागच्या दाराची किल्ली एका जागी लपवलेली असते, ती काढून मागून शिरलो. बोळातून हॉलमध्ये आलो, सोफ्यावर बसलो, बूट काढले. पाचेक मिनिटांनी डोक्यात आलं की सकाळी निघताना अलार्म मी स्वतः लावला होता. कीपॅडकडे पाहिलं, तर अजून लावलेलाच. मी उठून हात हलवले, नाचलो म्हणा ना. दिवे लुकलुकले. बाकी शांतता.

कंपनीला फोन केला तर "सिस्टिममध्ये सगळं ओके दिसतंय". म्हणून या कामातला एक बाहेरचा माणूस बोलावला. ज्या वाटेने मी शिरलो, त्याच वाटेने त्याने तपासायला घेतलं.

मागचं दार. दारावरची तऱ्हा सोपी असते: चौकटीत रीड स्विच (चुंबक जवळ असेपर्यंत जोडलेला राहणारा छोटा स्विच), दारावर चुंबक; दार उघडलं की चुंबक दूर जातं आणि सर्किट तुटतं. दार उघडलं की विजेवर घंटा, ही कल्पना १८५३ सालची. अमेरिकेतल्या ऑगस्टस पोप यांचं पेटंट आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत हे जमायला हरकत नव्हती. पण वायरीशी कोणी छेडछाड केली तर पॅनलला, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेल्या मुख्य डब्याला, कळावं, यासाठी वायरीच्या शेवटी, स्विचपाशी, एक रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) बसवायचा असतो. पॅनल तो सतत मोजत राहतं. वायर कापली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर आकडा बदलतो आणि पॅनल ओरडतं. आमच्याकडे आलेल्या त्या पोराने तो रेझिस्टर पॅनलच्या डब्यातच बसवला होता, कारण तिथे बसवायला अर्धा मिनिट लागतो. आणि जुन्या वायरीच्या तारा भिंतीत कुठेतरी एकमेकींना टेकलेल्या होत्या. रेझिस्टर डब्यातच असल्याने आकडा काही बदलत नव्हता. परिणामी पॅनलच्या हिशेबाने आमचं मागचं दार आठ महिने बंदच होतं. आम्ही रोज उघडत होतो ते वेगळं.

बोळातला सेन्सर पॅनलमध्ये नोंदवलेलाच नव्हता. हे मला सगळ्यात जास्त लागलं. सेन्सरचा दिवा सेन्सरच्या स्वतःच्या बॅटरीवर लागतो. भिंतीवर चिकटवलेला, कशालाही न जोडलेला सेन्सरसुद्धा तुम्हाला पाहून लुकलुकतो. म्हणजे त्या दिवशी माझ्याकडून जी परेड करून घेतली, ती निव्वळ दिव्यांची रोषणाई होती. खरी वॉक टेस्ट कीपॅडवर होते: पॅनल त्या मोडमध्ये टाकायचं, घरभर फिरायचं, आणि प्रत्येक झोनचा, म्हणजे एकेका सेन्सरच्या जागेचा, आकडा पॅनलने स्वतः दाखवला पाहिजे.

हॉलचा सेन्सर? "दुरुस्त" केलेला, म्हणजे कायमचा बायपास. जागा बदलायला माणूस पाठवण्यापेक्षा दुरूनच तो झोन बंद करणं स्वस्त.

मग त्याने पॅनल उघडलं. इंटरनेट गेलं तर सिमकार्डावरून संदेश जाईल असं कबूल केलं होतं. सिमची खाच रिकामी. वीज गेल्यावर चालणारी १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. आमच्या बॅटरीवर छापलेली तारीख बसवतानाच पाच वर्षं जुनी होती. पत्रकावर "आंतरराष्ट्रीय दर्जा" असं ठळक लिहिलेलं. युरोपच्या ईएन ५०१३१ या अलार्मच्या मानकात १ ते ४ अशा श्रेणी असतात आणि ती उपकरणावर लिहिलेली असते. आमच्या डब्यावर श्रेणीच नाही, नुसता दर्जा.

हे सगळं तो तिथल्या तिथे सुधारू शकला असता. पण पॅनलच्या आतल्या सेटिंगला इन्स्टॉलर कोड लागतो, आणि तो कंपनीने कुलूपबंद केलेला. आमच्याकडे फक्त लावा-काढायचा कोड. करार आता नीट वाचला: सामान आमचं नाहीच, वापरायला दिलेलं; मधेच थांबलो तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे; आणि ६० महिने संपायच्या ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढे. "मॉनिटरिंग" या शब्दाखाली बारीक अक्षरांत लिहिलंय की संदेश मिळाल्यास ग्राहकाला कळवण्याचा प्रयत्न केला जाईल. प्रयत्न!

त्या बाहेरच्या माणसाकडून फोटोंसकट लेखी अहवाल घेतला आणि तो जोडून पत्र पाठवलं. तीन पत्रांनंतर पुढचे हप्ते माफ झाले. भरलेले आठ महिने गेले ते गेलेच. नवी यंत्रणा त्याच माणसाकडून बसवली. इन्स्टॉलर कोड बंद पाकिटात माझ्याकडे आहे, सामान माझ्या मालकीचं आहे. पॅनल दाराजवळ न ठेवता आतल्या कपाटात बसवलंय, कारण आत शिरल्यावर कोड टाकायला जे तीसेक सेकंद मिळतात, तेवढ्यात दाराजवळचा डबा हातोड्याने फोडता येतो. पैसे शेवटी दिले, तेही तो बाहेर उभा असताना मी अलार्म लावून, मागच्या दाराने शिरून, राउटर बंद करून पाहिल्यावर. दुसऱ्या खेपेला बोळातल्या एका झोनचा आकडा उमटला नाही, तर त्याने तो पुन्हा नोंदवला. त्याला राग आला नाही. आधीच्या पोराला मी हे सांगितलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे.

जुनं पॅनल तीन महिन्यांपासून माळ्यावर खोक्यात पडून आहे. वीज नाही, बॅटरी काढलेली. परवा एक तारखेला मेसेज आला: "तुमची यंत्रणा सुरळीत आहे. तुमचं घर सुरक्षित आहे."