घंटाळीतली रविवारची कोडी : कार्यक्रमाला जा, किट घेऊ नका

तिकीट माणशी 350, दोन तासांचा कार्यक्रम, आणि आधीच सांगते, पैसे वसूल. ठाण्यात घंटाळीच्या बाजूला एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी गणिताची कोडी आणि खेळ असतात, जाहिरातीत वय 8 ते 80 लिहिलेलं म्हणून लेकीबरोबर सासूबाईंनाही घेऊन गेले. त्या म्हणाल्या मी आपली कोपऱ्यात जप करत बसेन. जप कसला नि काय, पहिल्या दहा मिनिटांत माझं पेन घेतलं ते परत दिलंच नाही.

झालं असं की कार्यक्रम घेणाऱ्या मॅडमनी ओळख-बिळख काही न करता सांगितलं, आपलं जन्मसाल लिहा, त्याचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा, त्यातून लहानाकडून मोठ्याकडे लावलेले वजा करा, जे उत्तर येईल त्याचं परत तेच, आणि शून्य आलं तर तेही धरायचं. माझं 1987. 9871 वजा 1789 म्हणजे 8082, मग 8820 वजा 0288 म्हणजे 8532, मग 8532 वजा 2358, आले 6174. पुढे कितीही करा, 7641 वजा 1467 परत 6174च. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं "माझं पण 6174!" आणि मग हॉलभर तेच. सासूबाईंचं 1952, त्यांचं पाचव्या वजाबाकीत आलं. लेकीचं 2014, ती बिचारी करतेय करतेय आणि येईचना, रडकुंडीला आली होती, शेवटी सातव्यांदा आलं. तेव्हा मॅडम म्हणाल्या सातच्या वर कुणालाच लागत नाही, चारही आकडे सारखे नसले म्हणजे झालं. मग काय, हिच्या वाट्याला सर्वात जास्त आल्या म्हणून हीच हॉलमध्ये भाव खात फिरतेय.

हे सापडलं 1949 मध्ये द. रा. कापरेकरांना. देवळालीला शाळामास्तर होते, जन्म डहाणूचा आणि शाळा ठाण्यातली, म्हणजे आपलेच की हो! त्यांच्या डेम्लो संख्यापण दाखवल्या, 111 गुणिले 111 म्हणजे 12321, 1111 चं तसंच केलं की 1234321, आणि डेम्लो हे नाव डोंबिवली स्टेशनवरून, तिथे असताना सुचल्या म्हणून. डोंबिवलीहून आलेल्या एका काकांनी यावर जी कॉलर ताठ केली ती कार्यक्रम संपेपर्यंत.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पालकांना वेगळं टेबल. आपल्याकडे मुलाला कोडं दिलं की आईबाप खांद्यावरून वाकून "अगं तो इकडे सरकव ना" सुरू करतात, इथे मॅडमनी गोड बोलून सगळ्यांना उठवलं आणि आमच्यापुढे पंधरा चौकोन सरकवायची ती पाटी ठेवली, एक जागा रिकामी आणि चौकोन सरकवत 1 ते 15 ओळीने लावायचे, फक्त 14 आणि 15 अदलाबदल केलेले. जमवा म्हणाल्या आणि चहाला गेल्या. इंजिनिअर, सीए, बँकवाले सगळे घाम गाळतायत. आल्यावर हसत सांगितलं की हे होतच नाही! पाटीवर बुद्धिबळासारखे काळे-पांढरे घर रंगवलेत असं समजा, प्रत्येक सरकवण्याला रिकामी जागा रंग बदलते, म्हणजे ती आपल्या कोपऱ्यात परत यायला चाली सम संख्येतच लागणार, आणि दोनच चौकोन अदलाबदल करायला चाली विषम लागतात. आता हे मी इथे तीन ओळीत लिहिलं पण तिथे त्याहून घाईत उरकलं, आणि माझी तक्रार हीच आहे, इतकं भारी कोडं, त्याला पाच मिनिटं जास्त द्यायची ना. त्याऐवजी हनोईच्या चकत्यांवर अर्धा तास गेला, तीन खुंट्या, एकावरची चकत्यांची उतरंड एकेक करून दुसरीवर न्यायची, मोठी लहानीवर ठेवायची नाही, तो खेळ बहुतेकांना माहीत असतो (पाच चकत्यांना कमीत कमी 31 चाली, लहान पोरांना मजा आली म्हणा).

आणि शेवटी विक्री. लाकडी किट 1200 ला, त्यात चकत्या, ती पाटी आणि एक टँग्रॅम, म्हणजे सात तुकडे जुळवून आकृत्या करायचं कोडं. चकत्यांची कड घासलेली नाही, लेकीच्या बोटात कुसळ गेलं, आणि पाटीतले चौकोन अडकतात. तेवढ्यातच "ब्रेन डेव्हलपमेंट"चं पॅम्प्लेट हातात, दोन तास पोरं मजेत गणित करतायत आणि मग त्यांना मार्क वाढतील म्हणून काय सांगताय! टँग्रॅम पुठ्ठ्यातून घरीच कापा. चकत्यांऐवजी लहान-मोठी ताटं चालतात, आमच्याकडे सध्या जेवायची ताटं मिळत नाहीयेत, सासूबाई सहा ताटांवर आहेत, 63 चाली, आणि मध्ये कोणी बोललेलं चालत नाही.

हॉलमध्ये पंखे आहेत, एसी नाही, मे महिन्यात जाणार असाल तर विचार करा. पार्किंग विसरा, स्टेशनवरून चालत या. सहा वर्षांखालच्यांना नेऊ नका, कंटाळतात. आजी-आजोबांना मात्र नक्की न्या, तिकीट त्यांनाही पूर्णच आहे, सवलत द्यायला काय हरकत होती कळलं नाही.