गृहपाठासाठी व्हॉट्सॲप ग्रुप की गूगल क्लासरूम?

वर्गात 40 मुलं आहेत, गृहपाठ मोबाइलवर मागवायचाय. पण कशावर? इथेच अनेक शिक्षक अडतात.

सुरुवातीला व्हॉट्सॲप सोपं. ते बहुतेक पालकांकडे असतंच. क्लासरूम म्हणजे गृहपाठ द्यायचं-घ्यायचं गूगलचं ॲप; त्याला प्रत्येकाचं गूगल खातं हवं, मग शिक्षकांनी दिलेला वर्गाचा कोड टाकायचा. विसरलेले पासवर्ड धरले तर पहिला आठवडा यातच जातो. खर्च दोन्हीकडे फक्त डेटाचा.

खरा फरक तपासताना कळतो. तीन-तीन पानं आली की ग्रुपवर 120 फोटो, मधेमधे 'धन्यवाद सर'. कुणाचं राहिलं ते हजेरीपट घेऊन शोधायचं. शिवाय व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. पेन्सिलीची वेलांटी पहिली की दुसरी, कळत नाही. पान 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर स्पष्टता टिकते, हे पालकांना आधीच सांगा.

क्लासरूममध्ये काम ज्याच्या त्याच्या नावाखाली राहतं, न देणारे वेगळे दिसतात आणि खाजगी शेरा फक्त त्या मुलालाच दिसतो. चारचौघांत चूक निघाली की गप्प होणाऱ्या मुलासाठी हे फार मोलाचं आहे. नेहमीचा घोटाळा एकच: मूल फाइल जोडतं, पण 'टर्न इन' (काम जमा करायचं बटण) दाबायचं विसरतं.

चौथीपर्यंत, फोन पालकांचाच असेल तर व्हॉट्सॲप पुरे. ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहू द्या, गृहपाठ स्वतंत्र चॅटवर घ्या. आठवीपासून पुढे, निबंध आणि प्रयोगवही तपासायची असेल, तर क्लासरूमच घ्या.