सेन्सरच्या कनेक्टरला सिलिकॉन ग्रीस : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वेल्ह्याहून केळदच्या बाजूला गेलो होतो. परतीच्या वाटेवर एबीएसचा, म्हणजे जोराने ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला आणि घरी पोहोचेपर्यंत तो विझला नाही. सर्व्हिस सेंटरने दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर व त्याचे पूर्ण वायरिंग बदलावे लागेल, असे सांगून साडेचौदा हजारांचा खर्च काढून दिला. सेन्सरच्या तारा जोडणारा कनेक्टर उघडून पाहिला का, या माझ्या प्रश्नाला ‘स्कॅनर तसेच दाखवतो’ एवढेच उत्तर मिळाले. एका दिव्यापायी एवढी रक्कम मोजण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून गाडी परत आणली आणि रविवारी चाक उतरवून तो कनेक्टर स्वतःच उघडला. आत तांबड्या चिखलाचा पातळ थर होता आणि दोनपैकी एका पिनेवर तांब्याला धरतो तसा हिरवा कळंक चढला होता. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश यांनी पिना साफ केल्या, अर्धा तास वाळू दिल्या आणि गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, तोच दिवा विझला. पुढच्याच दिवशी सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसची शंभर ग्रॅमची ट्यूब साडेचारशे रुपयांना घेतली.

एवढ्याशा कळंकाने एबीएस का बंद पडावे, हे समजल्यावर माझा सर्व्हिस सेंटरवरचा राग थोडा कमी झाला आणि कनेक्टरविषयीचा आदर वाढला. हल्लीच्या बहुतेक गाड्यांतील चाकाचा सेन्सर साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांत प्रवाह बदलून चाकाचा वेग कळवतो. हेडलाइटच्या जाड तारेत थोडा गंज आला तर दिवा किंचित मंद होईल, पण इथे पिनेवर चिखल आणि पाणी साचले की त्या ओलाव्यातून थोडासा प्रवाह भलतीकडे वळतो किंवा कळंकामुळे अडतो, आणि संदेशच बिघडतो. ग्रीसचे काम पाण्याला तिथे जागाच न ठेवणे एवढेच आहे. ते स्वतः वीजवाहक नाही. पिना एकमेकींत घट्ट बसताना मधले ग्रीस बाजूला सरते आणि धातूला धातू टेकतो, म्हणून ग्रीस असूनही प्रवाह अडत नाही. घरातली डब्ल्यूडी-४० मारून भागेल का, असा विचार आधी मनात आला होता. तिच्या नावातील ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणे. भिजलेल्या पिनेवरचे पाणी काढायला ती योग्यच आहे, परंतु मागे राहणारा तिचा पातळ थर पुढच्या चार ओढ्यांना पुरणारा नाही.

आता ट्यूबच्या टोपणाविषयी, कारण आठ महिन्यांत मला सर्वांत जास्त त्रास त्याने दिला आहे. ट्यूबचे तोंड करंगळीएवढे रुंद आणि कनेक्टरचे तोंड हरभऱ्याच्या दाण्याएवढे. निम्मे ग्रीस बोटाला, पाव ग्रीस चाकाच्या कमानीला आणि उरलेले कनेक्टरमध्ये, असा पहिला हिशेब झाला. टोपण अर्धा आटा फिरले की तिरपे चढते, आणि पेटीत आडव्या ठेवलेल्या ट्यूबमधून सुटलेले तेल पान्यांना आणि रुमालाला लागते. हे तेल हाताने पुसून जात नाही, आणि गाडीच्या पत्र्यावर त्याचा हात लागलेल्या जागी पुढे रंगकाम करायचे झाले तर रंग फाटतो. साडेचारशे रुपये घेणाऱ्यांनी निमुळते तोंड द्यायला काय हरकत होती? शेवटी औषधाच्या दुकानातून पाच मिलिलिटरची सिरिंज आणली, सुई काढून टाकली आणि तिच्यात ग्रीस भरून घेतले. दहा रुपयांच्या त्या सिरिंजने जे साधले ते ट्यूबला साधत नव्हते.

ऑगस्टभर कानंद खोऱ्यातील ओढे ओलांडले आणि दिवा लागला नाही, तेव्हा मी या ग्रीसची मित्रांत जाहिरातच सुरू केली होती. सप्टेंबरमध्ये तोच दिवा पुन्हा लागला आणि मी ग्रीसला नावे ठेवू लागलो. हे मत बदलले ते आमच्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनमुळे. त्याने कनेक्टर उघडला, आत पाहिले आणि म्हणाला, “साहेब, हे श्रीखंड कोणी भरलं? लॉक बसलंच नाही.” खरोखरच बसले नव्हते. ग्रीस जितके जास्त तितके संरक्षण जास्त, या समजुतीने मी कनेक्टर काठोकाठ भरला होता. रबराच्या सीलमुळे आतले ग्रीस बाहेर येऊ शकत नव्हते, म्हणून दोन्ही भाग पूर्ण आत न जाता अडून राहिले आणि खडबडीत रस्त्यावर सैल झाले. त्याने आतले बहुतेक सगळे ग्रीस पुसून काढले, पिनांवर आणि सीलच्या कडेला पातळ हात फिरवला आणि टक असा आवाज येईपर्यंत कनेक्टर दाबला. मजुरी शंभर रुपये घेतली. तेव्हापासून सिरिंजमधून डाळीच्या दाण्याएवढेच ग्रीस सोडतो.

त्यानेच सीलचा रंग दाखवून आणखी एक सावधगिरी सांगितली. कनेक्टरचे सील सिलिकॉन रबराचे असेल तर ते सिलिकॉनच्याच तेलात हळूहळू फुगते, आणि साधे पेट्रोलियमचे चॅसिस ग्रीस लावले तर इतर काही रबरे त्याहूनही लवकर नासतात. माझे मागचे सील फेब्रुवारीत काढले तेव्हा किंचित सैल वाटले, म्हणून तीस रुपयांचे नवे घातले.

ग्रीस लावले म्हणजे ओढ्यात बिनधास्त उतरावे, असा अर्थ मात्र होत नाही. घाट चढून तापलेली गाडी थेट थंड पाण्यात घातली की हब, कनेक्टर आणि दिव्यांच्या आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि सीलच्या बारीक फटीतून पाणी आत ओढून घेते. म्हणून मी आता ओढ्याच्या काठी दहा मिनिटे इंजिन बंद करून थांबतो, मागचे लोक हॉर्न वाजवत असले तरी. तसेच, माझ्या कनेक्टरमध्ये पाणी घुसवण्यात ओढ्यापेक्षा वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनचा वाटा मोठा असावा, असा माझा पक्का संशय आहे. आयपी ६७ या धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जात एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास बुडण्याची हमी असते. वीतभर अंतरावरून येणाऱ्या जोरकस फवाऱ्याची हमी त्यात नसते. तिथल्या मुलाला चाकांच्या आत आणि बॉनेटखाली गन मारू नकोस, असे मी दर वेळी सांगतो आणि तो दर वेळी मारतो. दिवाळीपासून घरीच साध्या नळीने धुतो.

या ग्रीसला जमत नाही अशी कामेही आहेत. डिसेंबरमध्ये उजवा हेडलाइट मिणमिणू लागला, तेव्हा आधी त्याच्या कनेक्टरलाच ग्रीस चोपडून पाहिले आणि वेळ वाया घालवला. बिघाड अर्थिंगच्या बोल्टखाली होता. दिवा चालू असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून त्या तारेच्या टोकापर्यंत मल्टिमीटरवर जवळपास एक व्होल्ट दिसत होता. तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, बोल्ट आवळला आणि नंतर वरून ग्रीस लावले, तेव्हा आकडा ०.०५ व्होल्टवर आला. रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, आत तर हे ग्रीस जाऊच देऊ नये, कारण ठिणगी पडणाऱ्या जागी सिलिकॉनचे रूपांतर वाळूसारख्या कठीण थरात होते आणि संपर्क तुटतो. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला थंड होण्यासाठी हवा लागते, त्यामुळे तो बंदिस्त करता येत नाही. चिखलातून आल्यावर त्याच संध्याकाळी, तो निवल्यावर, कमी दाबाच्या पाण्याने धुऊन काढणे एवढेच आपल्या हाती आहे. ते मी एकदा कंटाळ्याने टाळले आणि त्याचे बेअरिंग सध्या कुरकुरत आहे.

एबीएसचा दिवा सप्टेंबरनंतर लागलेला नाही. चारही चाकांचे सेन्सर, रिव्हर्स लाइटचा स्विच आणि फोर बाय फोरच्या मोटरचा कनेक्टर मिळून आतापर्यंत पाव ट्यूबही संपलेली नाही, त्यामुळे साडेचारशे रुपयांबद्दल माझी तक्रार नाही. टोपण मात्र मार्चमध्ये तुटले असून, ट्यूबचे तोंड दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि रबरबँड लावून बंद केलेले आहे.