मागचं ब्रेक पेडल अडकतंय: नवी स्प्रिंग की ग्रीस?

पावसाळ्यात गोरेवाड्याकडच्या काळ्या मातीत बाईक घातली, की मागचं ब्रेक पेडल दाबल्यावर खालीच बसतं. गॅरेजवाला म्हणतो, पेडल परत वर आणणारी स्प्रिंग बदला. काम दहा मिनिटांचं, पण वाळलेल्या चिखलाशी नवी स्प्रिंग तरी किती दिवस झटणार?

दुसरा मार्ग हात काळे करणारा. पेडलचा बोल्ट काढायचा, पेडल ज्यावर फिरतं ती पिन डिझेलने धुवायची, गंजावर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, मग पाण्याला टिकणारं ग्रीस. माझ्या पिनवर तर चिखलाची अक्षरशः वीट झाली होती! डिझेल, ग्रीस ब्रेकच्या डिस्कला लागू देऊ नका.

मी ग्रीसच निवडतो; स्प्रिंग सैल पडली असेल तरच बदलतो. पेडलला मास्टर सिलिंडरशी जोडणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, सुटा केल्यावर पेडल मोकळं हललं, तर मात्र दोन्ही बाद. मग दोष बहुधा मास्टर सिलिंडरचा, म्हणजे ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या भागाचा.